आमचं काम पुण्याला गेलं. अमेरिकेतली टीएए मदत सेवाक्षेत्रवाल्यांना मिळते का? (३० जूनच्या आत उत्तर हवंय)

बिरडं
१९ जून २०२१

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, लिहायची वेळ आली ती अशी. ओहायोत राहते, कोलंबसजवळ. एका विमा कंपनीच्या बॅक ऑफिसात सोळा वर्षं क्लेमचे कागद तपासले. दवाखान्याचं बिल आलं की कोड बघायचा, काही कमीजास्त असेल तर पत्र लिहायचं, नाहीतर पुढे सरकवायचं. फेब्रुवारीत सांगण्यात आलं की आमच्या ३४ जणांचं काम पुण्याला जाणार. मग तीन महिने घरी बसून झूमवर तिकडच्या मुलांना तेच काम शिकवलं. पहिल्याच दिवशी एका मुलीनं हळूच विचारलं, "मॅम, तुम्ही मराठी का?" त्यानंतर रोजची पहिली पाच मिनिटं आम्ही पावसावर आणि कर्वे रोडच्या खोदकामावर बोलायचो, आणि मग मी तिला माझी नोकरी शिकवायचे. २८ मे हा शेवटचा दिवस. वय ५१. ग्रीन कार्ड आहे.

आमच्या शेजारीण मोटारीच्या सुट्या भागांच्या कारखान्यात होत्या. २०१६ साली तो कारखाना मेक्सिकोला गेला, तेव्हा सरकारनं त्यांची दोन वर्षांची कॉलेजची फी भरली, वर घरखर्चाला आठवड्याला पैसे दिले. टीएए म्हणतात, ट्रेड अ‍ॅडजस्टमेंट असिस्टन्स. त्या म्हणाल्या, तूही अर्ज कर. मी राज्याच्या हेल्पलाइनला फोन लावला. ४० मिनिटं गाणं ऐकवून झाल्यावर एक गृहस्थ म्हणाले, "ते कारखान्यांसाठी असतं." खरं काय?

आकडेमोड
१९ जून २०२१

ताई, ते गृहस्थ आज चूक आहेत. १ जुलैला बरोबर ठरतील.

मी मिशिगनला एका कारखान्याच्या एचआरमध्ये आहे. कंपनीच्या बाजूनं असे तीन अर्ज मीच भरलेत, त्यामुळे हे पाठ आहे. सध्या लागू असलेला कायदा २०१५ चा आहे. त्यात वस्तू बनवणारे आणि सेवा देणारे दोघंही बसतात. तो ३० जूनला संपतो. १ जुलैपासून २००२ चे जुने नियम परत लागू होणार, आणि त्यात कंपनी 'वस्तू' बनवणारी असावी लागते. क्लेम तपासणं ही वस्तू नाही. म्हणजे तुमच्या हातात ११ दिवस.

दुसरी गोष्ट. हा अर्ज एकट्यानं आपल्यापुरता करायचा नसतो. आधी गटाचा अर्ज, पिटिशन. तो वॉशिंग्टनच्या कामगार खात्याकडे जातो, एक प्रत राज्याकडे. खातं तपास करून ठरवतं की या ऑफिसातल्या या गटाचं काम परदेशी व्यापारामुळे गेलं का. हो ठरलं की मग त्या गटातला प्रत्येक जण आपापला अर्ज राज्याकडे करतो. गटाचा अर्ज त्याच ऑफिसातल्या तीन कामगारांना करता येतो, नाहीतर युनियन, कंपनी किंवा राज्याचं रोजगार खातं करतं. तर पहिलं काम, आणखी दोन सह्या मिळवा.

बिरडं
१९ जून २०२१

बाप रे. ११ दिवस! सह्या मिळतील असं वाटतंय, पण लोक घाबरलेत. सेव्हरन्सच्या (नोकरी जाताना कंपनी देते त्या रकमेच्या) करारावर सही केली आहे ना, 'कंपनीवर दावा करणार नाही' म्हणून.

आकडेमोड
२० जून २०२१

हा दावा नाहीच. कंपनीच्या खिशातून एक छदाम जात नाही, पैसा केंद्र सरकारचा. आमच्यासारख्या पुष्कळ कंपन्या स्वतःहून अर्ज करतात, तेवढीच गेलेल्या माणसांची सोय होते. तुमच्या मैत्रिणींना हे फोन करून सांगा, ईमेलवर समजवत बसू नका.

जुना_फ्लॉपी
२० जून २०२१

'वस्तू' हा शब्द वाचला आणि जुनी कळ आली. जरा नमनाला घडाभर तेल घालतो, चालवून घ्या.

२००३ साली न्यू जर्सीत आमचा १९ प्रोग्रामरांचा गट कमी केला, काम बंगळुरूला गेलं. आम्हीही अर्ज केला. उत्तर आलं, तुम्ही कायद्याच्या अर्थानं वस्तू बनवत नाही. का? तर आमचं सॉफ्टवेअर ग्राहकाकडे तारेतून जायचं. तेच सीडीवर किंवा टेपवर भरून खोक्यात घालून पाठवलं असतं तर वस्तू! जकातीच्या कोष्टकात तारेवरून आलेल्या मजकुराला माल धरत नाहीत, म्हणून मदतीच्या कायद्यातही धरायचं नाही, असा तो युक्तिवाद. आमचा एक मित्र म्हणाला, शेवटच्या दिवशी एक सीडी भरून रिसेप्शनवर ठेवायला हवी होती.

अनेक प्रोग्रामर यावर न्यूयॉर्कच्या आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयात गेले. निकाल खात्याच्या विरोधात जायला लागले तेव्हा २००६ मध्ये खात्यानं धोरण बदललं. हातात धरता येत नसलं तरी सॉफ्टवेअर ही वस्तू असू शकते, असं मान्य केलं. तोवर मी डेलीत सँडविच बांधण्यापासून सगळं करून दुसऱ्या नोकरीला लागलो होतो. वरातीमागून घोडं. पण लक्षात घ्या, तेव्हाही मान्य झालं ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचं. फोनवर बसणारे, कागद तपासणारे, पगारपत्रकं करणारे बाहेरच राहिले.

आकडेमोड
२० जून २०२१

आणि तेव्हा भारत हीसुद्धा अडचण होती. २००२ च्या नियमांत काम परदेशी हलवलं एवढं पुरेसं नव्हतं. ते मुक्त व्यापार करार असलेल्या देशात, किंवा आफ्रिका, कॅरिबियन, अँडीजच्या सवलतीच्या यादीतल्या देशात गेलेलं असावं लागे. मेक्सिको चाले. भारताला गेलं असेल तर तसाच माल परत अमेरिकेत आयात होतोय किंवा होणार आहे, हे वेगळं दाखवावं लागे.

ती अट १ जुलैला परत येतेय, हेही तुमच्या ऑफिसात सांगा.

करदाता_क्र_१
२० जून २०२१

सगळ्यांचं वाचतोय. कुणाला टोचलं तर टोचू दे. २०१९ ला माझंही काम गेलं, अगदी हेच, बिलं तपासायचं. फरक इतकाच की माझं काम पुण्याला गेलं नाही, एका सॉफ्टवेअरनं घेतलं, आणि तेही याच राज्यात लिहिलेलं. मला २६ आठवडे बेकारी भत्ता आणि सामान न्यायला एक खोकं मिळालं. घराचा हप्ता तोच, मुलाची फी तीच. ज्याची नोकरी माणसानं घेतली त्याला दोन वर्षं कॉलेज आणि ज्याची यंत्रानं घेतली त्याला खोकं, हा कुठला न्याय?

जुना_फ्लॉपी
२० जून २०२१

न्याय नाहीच, सौदा आहे. १९६२ मध्ये केनेडींना आयातकर कमी करायचे होते. त्यासाठी कामगार संघटनांना शांत ठेवायचं होतं, म्हणून ही मदत कायद्यात घातली. आणि अटी इतक्या कडक की १९६९ पर्यंत एकाही कामगाराचा अर्ज मंजूर झाला नाही! १९७४ च्या कायद्यानं अटी सैल केल्या तेव्हा कुठे लोकांना पैसे दिसले. तेव्हापासून व्यापाराचा नवा करार आला की ही मदत त्याला बांधून येते. यंत्रं आणायला संसदेची परवानगी लागत नाही, म्हणून त्यांच्यासाठी सौदाही नाही.

२०१५ ला तर गंमतच झाली. १२ जूनला या मदतीच्या बाजूनं असलेल्या डेमोक्रॅट खासदारांनीच तिच्याविरुद्ध मत दिलं, कारण ती पडली की ओबामांना व्यापार करारांचे अधिकार देणारं विधेयकही अडणार होतं. दोन आठवड्यांत सगळं पुन्हा जुळवून २९ जूनला सह्या झाल्या.

करदाता_क्र_१
२० जून २०२१

माहितीबद्दल आभार. राग गेला नाही, पण कुणावर धरायचा ते कळलं. बिरडंताई, तुमच्यावर नव्हता.

बिरडं
२० जून २०२१

माहीत आहे हो. तुमचं पटलंच मला. आमच्याच ऑफिसात शेजारच्या विभागात चार जणी डेटा एंट्रीला होत्या, त्यांच्या जागी स्कॅनर आला. त्यांना या अर्जात घेता येईल का?

आकडेमोड
२० जून २०२१

त्यांचं काम त्याच गटाचा भाग असेल तर खातं बघेल, पण नुसत्या स्कॅनरवर नाही मिळणार. अर्जात खोटं काही लिहू नका. मात्र त्या मजल्यावर एजन्सीमार्फत आलेलं कुणी तुमच्याच साहेबांच्या हाताखाली, तुमचंच काम करत होतं का? त्यांची नावं नाही, पण एजन्सीचं नाव अर्जात जरूर टाका. मंजुरीपत्रात 'याच जागी काम करणाऱ्या अमुक एजन्सीच्या कामगारांसह' असं एक वाक्य येतं. ते राहिलं की ती माणसं बाहेर, आणि मग दुरुस्तीसाठी पत्रं लिहीत बसा. आमच्याकडे एकदा झालंय.

साठ_दिवस
२१ जून २०२१

मी एच-वन-बी व्हिसावर आहे. माझंही प्रोजेक्ट पोलंडमधल्या क्राकोला गेलं. मला चालेल का?

आकडेमोड
२१ जून २०२१

गट मंजूर झाला तरी तुमचा स्वतःचा अर्ज अडेल. बेकारी भत्ता आणि हे प्रशिक्षण, दोन्हीला 'कामाला उपलब्ध आणि काम करायची परवानगी' लागते. एच-वन-बीची परवानगी त्या मालकाशी बांधलेली. नोकरी संपली की ६० दिवसांत नवा मालक शोधा, स्टेटस बदला किंवा परत जा. तुमच्या आयडीवरून कळलंच. वकिलाला भेटा, यात वेळ घालवू नका.

साठ_दिवस
२१ जून २०२१

आज ४१ वा. धन्यवाद.

लालबागचा_नातू
२२ जून २०२१

हे सगळं वाचताना आजोबा आठवले. ते परळच्या एका गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, गिरणगावातले अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर आले. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. पण एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. केंद्र सरकारनं सप्टेंबर १९८६ पासून कापड कामगारांसाठी पुनर्वसन निधी काढला होता. पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५०, तिसऱ्या वर्षी २५. म्हणजे तुमच्या टीएएचा आपला चुलतभाऊच.

आणि घोडं तिथेही पात्रतेवरच अडलं. गिरणी 'कायमची बंद' झाल्याचं कागदावर सिद्ध व्हावं लागे. आजोबांच्या गिरणीचं धुराडं थंड, फाटकाला कुलूप, आत कबुतरं. पण कागदावर गिरणी चालू! कुणी विचारलं की आजोबा म्हणायचे, "आमची गिरणी फक्त फायलीत कापड काढते."

सेवाक्षेत्राचं विचाराल तर आमच्या चाळीत एक मावशी खानावळ चालवायच्या, चोवीस गिरणीवाले जेवायला. साच्यावरच्या माणसाला निदान निधी मागता आला. त्याला दोन वेळ भाकरी घालणाऱ्या मावशीचं गिऱ्हाईक गेलं, ते कुठल्या रकान्यात लिहायचं?

पवनचक्की
२२ जून २०२१

नातू, सुंदर लिहिलंत.

इकडे युरोपात जागतिकीकरण निधी आहे, २००७ पासून. त्यात सेवा की वस्तू हा प्रश्न येत नाही, पण आकडा येतो. सुरुवातीला एका ठिकाणचे हजार लोक कमी व्हायला हवे होते, मग ५००, आणि या वर्षापासून २००. अर्ज कामगार करत नाही, देश करतो. बिरडंताईंचे ३४ इथे कुणाच्या गणतीत आले नसते. अमेरिकेत किती लागतात?

आकडेमोड
२२ जून २०२१

गट ५० पेक्षा लहान असेल तर तीन माणसं. मोठा असेल तर पाच टक्के किंवा ५०, यातलं जे कमी असेल ते. या बाबतीत अमेरिका उदार आहे म्हणायची.

बिरडं
२४ जून २०२१

दुसरी सही झाली. तिसरी अजून नाही. फॉर्ममध्ये एक प्रश्न आहे, काम परदेशी गेलं असं तुम्हाला का वाटतं, पुरावा असल्यास जोडा. केटीचे, म्हणजे काम शिकवून सोपवण्याचे, सगळे कागद कंपनीच्या लॅपटॉपवर होते, तो परत केला. माझ्याकडे आहे ती फक्त वहीतली माझी अक्षरं, 'सोमवार ९ वा., पुणे टीम, नाकारलेले क्लेम'. चालेल का हो?

रात्रपाळी
२५ जून २०२१

ताई, मी पुण्यात खराडीला अशाच एका कंपनीत असतो. तुमची कंपनी नाही, दुसरी. संध्याकाळी साडेसहाला कॅब येते, पहाटे साडेतीनला सुटतो. गेल्या सहा वर्षांत चार वेळा मी टेबलाच्या त्या बाजूला बसून केटी घेतलंय. एक खरं सांगतो. समोरचा माणूस घरी जाणार आहे हे आम्हाला माहीत असतं, पण त्याबद्दल बोलायचं नाही अशी ताकीद असते. एकदा टेक्सासच्या एका आजोबांनी शेवटच्या दिवशी आपली एक्सेलची शॉर्टकटची यादी पाठवली, खाली लिहिलं, 'ही कंपनीची नाही, माझी आहे.' ती अजून माझ्या डेस्कवर चिकटवलेली आहे.

पुराव्याचं सांगतो. आतले कागद देऊ-घेऊ नका, भानगड होते. पण इकडे नवीन प्रोसेस आली की भरती उघड होते. नोकरीच्या संकेतस्थळांवर जाऊन तुमच्या कंपनीच्या नावानं, पुणे, यूएस हेल्थ क्लेम, रात्रपाळी असं शोधा. मार्च-एप्रिलच्या जाहिराती बघा. 'ट्रान्झिशन' शब्द दिसला तर छापून ठेवा.

बिरडं
२५ जून २०२१

मिळाली!! २६ मार्चची जाहिरात. "अमेरिकेतील विद्यमान टीमकडून कामाचे हस्तांतरण घेण्याचा अनुभव हवा." विभागाचं नावसुद्धा आमचंच. विद्यमान टीम म्हणजे मी! हसावं का रडावं. तुमच्या तोंडात साखर पडो.

जुना_फ्लॉपी
२५ जून २०२१

वा! आम्हाला २००३ मध्ये कुणी खराडीवाला भेटला नाही.

बिरडं
२७ जून २०२१

तिसरी सही अडली होती कारण ती बाई म्हणत होती, "आपल्याला कुठलं मिळतंय." आज रविवार, तिच्या घरीच गेले. पुरणपोळ्या नेल्या होत्या. ती त्यांना 'स्वीट टॉर्टिया' म्हणते. दोन खाल्ल्यावर सही केली.

बिरडं
२९ जून २०२१

अर्ज गेला. ऑनलाइन, दुपारी ३ वाजून १२ मिनिटांनी. पोचपावतीचा ईमेल आलाय. एजन्सीचं नावही टाकलं.

आकडेमोड
२९ जून २०२१

शाब्बास! आता खातं कंपनीला प्रश्नावली पाठवेल. कायद्यात ४० दिवसांत निकाल असं लिहिलंय, पण धीर धरा. मधल्या काळात बेकारी भत्त्याचा दर आठवड्याचा दावा चुकवू नका. टीएएचे साप्ताहिक पैसे तो भत्ता संपल्यावरच सुरू होतात, आणि त्या दाव्याच्याच आधारानं.

बिरडं
१६ ऑक्टोबर २०२१

मंडळी, मंजूर! ४० दिवसांचे कितीतरी झाले, पण मंजूर. कारण असं दिलंय की कंपनीनं आमच्यासारख्याच सेवा परदेशी हलवल्या. खाली ते वाक्यही आहे, एजन्सीच्या कामगारांसह. अर्जाच्या तारखेआधीचं एक वर्ष यात धरलंय, म्हणजे गेल्या नोव्हेंबरात कमी केलेल्या दोघीही आल्या. त्यातल्या एकीला मी फोन केला तर तिला वाटलं मी विमा विकतेय.

आता पुढे काय निवडू? कोर्स की पगारातल्या फरकाचे पैसे?

आकडेमोड
१६ ऑक्टोबर २०२१

अभिनंदन! आधी तारीख. मंजुरी किंवा नोकरी संपणं, यात जे नंतरचं असेल तिथून २६ आठवडे. त्याच्या आत कोर्सला नाव हवं, नाहीतर लेखी सूट हवी. ते चुकलं तर साप्ताहिक पैसे बुडाले. भिंतीवर लिहून ठेवा.

कोर्स घेतलात तर फी, पुस्तकं सरकारकडून, आणि पूर्णवेळ कोर्स असेल तर बेकारी भत्त्याचे आठवडे धरून जास्तीत जास्त १३० आठवडे पैसे. दुसरं म्हणजे ५० च्या पुढच्यांसाठी पगारातला फरक. नवी नोकरी कमी पगाराची मिळाली तर फरकाचा निम्मा भाग, दोन वर्षांपर्यंत, एकूण १०,००० डॉलरपर्यंत. पण नव्या नोकरीचा पगार वर्षाला ५०,००० च्या वर नको. आरोग्यविम्याच्या हप्त्यावर ७२.५ टक्के करसवलत आहे, पण ती डिसेंबरअखेर संपतेय, तिच्या भरवशावर राहू नका.

बिरडं
१७ ऑक्टोबर २०२१

हिशोब केला. जुना पगार ५८,०००. एका दवाखान्यात बिलिंगची जागा आहे, ४१,०००. फरक १७,०००, निम्मा साडेआठ. म्हणजे १४ महिन्यांतच दहा हजारांची मर्यादा गाठणार. आणि काम तेच, जे उद्या पुन्हा पुण्याला नाहीतर मनिलाला जाईल. नवरा म्हणतो, हातातलं घे. मला वाटतं, माणसाच्या दंडाला हात लावल्याशिवाय होत नाही असं काहीतरी शिकावं. रक्त काढणं, तपासणी, असलं.

रात्रपाळी
१७ ऑक्टोबर २०२१

ताई, दंडाचंच घ्या. बिलिंगची एक प्रोसेस गेल्याच महिन्यात आमच्याकडे आलीय.

बिरडं
९ जानेवारी २०२२

उद्यापासून कम्युनिटी कॉलेज. वैद्यकीय प्रयोगशाळेचा दोन वर्षांचा कोर्स. वर्गात मी सर्वांत थोरली, शेजारी १९ वर्षांचा मुलगा. तो मला मॅम म्हणतो.

पण एक वाईट बातमी. आमच्याच कंपनीच्या सिनसिनाटीच्या ऑफिसातल्या तिघांनी तसाच अर्ज केला होता, १२ जुलैला. तेच काम, तेच पुणे, तीच कंपनी. नामंजूर. 'कंपनी वस्तू बनवत नाही.' आमच्या अर्जात आणि त्यांच्यात १३ दिवस.

जुना_फ्लॉपी
९ जानेवारी २०२२

हे असं तिसऱ्यांदा होतंय. २००९ मध्ये मंदीच्या वेळच्या मोठ्या कायद्यात सेवाक्षेत्र पहिल्यांदा आत घेतलं, अगदी सरकारी कार्यालयातले कामगारसुद्धा. फेब्रुवारी २०११ ला मुदत संपली, बाहेर काढलं. ऑक्टोबर २०११ ला परत घेतलं, फेब्रुवारीपासूनच्या लोकांसकट (सरकारी कार्यालयं मात्र वगळून). डिसेंबर २०१३ ला पुन्हा बाहेर. जून २०१५ ला पुन्हा आत, मधल्या काळातल्या नाकारलेल्यांचे अर्जही पुन्हा उघडले. सिनसिनाटीवाल्यांनी कागद जपून ठेवावेत. दोनदा मागच्या तारखेनं मिळालंय.

लालबागचा_नातू
१० जानेवारी २०२२

दार उघडतं, मिटतं, परत उघडतं. जत्रेतला पाळणा झाला हा.

आकडेमोड
२ जुलै २०२२

धागा वर काढतेय. कालपासून पाळणाच थांबला. खात्याला आता कुठलाही नवा अर्ज मंजूर करता येत नाही, वस्तूवाल्यांचाही नाही. आधी मंजूर झालेल्या गटात असून ज्यांची नोकरी ३० जूनच्या आत गेली, त्यांचं चालू राहील. बिरडंताई, तुमचा कोर्स सुरक्षित आहे. सिनसिनाटीवाल्यांना मात्र आता फेरविचाराचीही खिडकी नाही.

आमच्याकडे ऑगस्टमध्ये एक लाइन मेक्सिकोला जातेय. अर्ज मी भरून ठेवला होता, सवयीनं.

जुना_फ्लॉपी
१४ ऑगस्ट २०२२

चिप्सच्या (सेमीकंडक्टरच्या) मोठ्या विधेयकात ही मदत परत आणणार म्हणत होते. प्रतिनिधीगृहाच्या मसुद्यात होतीही. ९ ऑगस्टला सही झाली त्या कायद्यात नाही. सिनसिनाटीवाल्यांना मी दिलेली आशा मागे घेतो.

बिरडं
१८ डिसेंबर २०२३

कोर्स संपला. जानेवारीत एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रुजू होतेय, पहाटेची पाळी. त्या तिसऱ्या सहीवाल्या बाईनं कोर्स घेतला नाही, पगाराचा फरक घेतला आणि तिचंही बरं चाललंय. दर होळीला स्वीट टॉर्टियाची आठवण करते.

नवी_पणती
१७ मार्च २०२५

नमस्कार. गुगलवर शोधताना हा धागा सापडला, एका बैठकीत सगळा वाचला. मीही ओहायोत, बँकेच्या कॉल सेंटरमध्ये होते. आमचं काम मनिलाला गेलं. दोन सह्या मिळवल्यासुद्धा! आणि मग खाली २०२२ चं वाचलं. खरंच काही नाही का?

बिरडं
१७ मार्च २०२५

पणती, टीएए अजून बंदच आहे ग. काढलेल्या कामगारांसाठी केंद्राचा दुसरा एक कार्यक्रम आहे. ओहायोमीन्सजॉब्सच्या, म्हणजे राज्याच्या रोजगार केंद्रात जाऊन 'डिसलोकेटेड वर्कर' म्हणून नाव नोंदव. काम कुठे गेलं, वस्तू होती की सेवा, यंत्रानं घेतलं का, काही विचारत नाहीत. वरचे करदाता_क्र_१ वाचत असतील तर त्यांनाही चाललं असतं. पण पैसा मोजका असतो, घरखर्चाला काही मिळत नाही, कोर्सची फी मिळाली तर मिळाली. लवकर गेलीस तर संधी जास्त. आरोग्यविमा गेला असेल तर सरकारी 'मार्केटप्लेस'मधून घ्यायला ६० दिवस आहेत.

तुझा शेवटचा दिवस कधी होता? आणि बेकारी भत्त्याचा अर्ज केलास का?

नवी_पणती
१७ मार्च २०२५

७ मार्च. अर्ज अजून नाही, म्हटलं आधी टीएएचं बघू.

बिरडं
१७ मार्च २०२५

अग, आधी तो कर. ज्या आठवड्यात अर्ज करशील त्या रविवारपासून धरतात, मागचं देत नाहीत. एक आठवडा गेलाच तुझा. आज सोमवार आहे, आत्ता लॅपटॉप उघड. शेवटच्या पगाराची पावती जवळ ठेव, आणि नोकरी सुटण्याचं कारण विचारतील तिथे 'काम नसल्यामुळे कमी केले' निवड. अडलं तर इथेच लिही, माझी पाळी दुपारी दोनला संपते.